खर्चाविना जिना

मी वादात हरत नाही. ही आत्मप्रौढी नव्हे, निव्वळ नोंद आहे. मी व्यवसायाने मुद्रितशोधक. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधणे हे माझे पोट भरण्याचे साधन, आणि छापून झाल्यावर शोधणे हा माझा छंद. असा मनुष्य जेव्हा सांगतो, की मानवजातीची प्रगती केवळ पैशामुळे अडून राहिली आहे, तेव्हा त्याने ते विधान उलटसुलट तपासून घेतले आहे, इतके वाचकांनी गृहीत धरावे. मी तर त्याही पुढे गेलो. मी ते सिद्ध करून दाखवायचे ठरवले, आणि तेही आमच्या इमारतीच्या जिन्यावर!

प्रश्न माझ्या आईचा होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागे एकदा पडल्यापासून आईच्या डाव्या हाताची पकड गेली आहे, आणि आमच्या जिन्याचा कठडा उतरताना नेमका डाव्या हाताला येतो. उजवीकडे नुसती भिंत. म्हणजे चढताना आईला काहीच अडचण नाही. पण चढण्यासाठी माणूस आधी खाली उतरलेला असावा लागतो! खुर्चीत बसवून उचलून नेण्याचा प्रस्ताव मी मांडून पाहिला. आई म्हणाली, "माणसाला उचलून एकदाच न्यायचं असतं. त्याला अजून अवकाश आहे."

फाटकाजवळच्या बाकावर तिची मैत्रीण बसते. समोरच्या बैठ्या घरात ती राहते, आणि तिला दम्यामुळे जिना चढता येत नाही. एकीला उतरता येईना, दुसरीला चढता येईना. त्यामुळे दोघींच्या गप्पा गॅलरीतून चालत. "ए खालची!" "काय गं वरची!" अशी हाक गेली, की सगळी गल्ली कान टवकारी. कोणाची सून कशी आहे, हे त्या सुनेला स्वतःला इथेच कळे.

आणि एके दिवशी खालची ओरडली, "अगं वरची, मुलगा न्यायला येतोय रविवारी! कायमचं!"

आई त्यावर ओरडली नाही. आत येऊन बसली. म्हणाली, "एकदा बाकावर बसायचं होतं तिच्या शेजारी. काही गोष्टी ओरडून नाही सांगता येत."

त्याच संध्याकाळी मी इमारतीची सभा बोलावली. सभा जिन्यातच भरते. ज्याच्या त्याच्या मजल्याप्रमाणे जो तो वरच्या किंवा खालच्या पायरीवर बसतो. मी मागणी मांडली : उजव्या भिंतीला हात धरायला दांडे लावावेत.

"परवडणार नाही," आमचे खजिनदार म्हणाले. हे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर राहतात. कोणत्याही प्रस्तावावर ते हे दोन शब्द इतक्या शांतपणे उच्चारतात, की जणू कोणी शिंकल्यावर काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणत आहेत.

"थांबा," मी उभा राहिलो. "घटकाभर अशी कल्पना करा, की खर्च ही गोष्टच अस्तित्वात नाही. पूल का बांधला जात नाही? खर्च! औषध का शोधले जात नाही? खर्च! माणसाजवळ बुद्धी आहे, हात आहेत, सामान आहे. मध्ये हा एक शब्द आडवा पडलेला आहे, दारात कुत्रे झोपावे तसा! तो उठवला, तर समाज कुठल्या कुठे जाईल!"

तळमजल्यावरच्या सुतारदादांनी मान डोलावली. "साधे गोल दांडे पडलेत माझ्याकडे. उद्या सकाळी ठोकून देतो. त्यात काय एवढं!"

इथे एखादा सामान्य मनुष्य आभार मानून बसला असता. मी बसलो नाही.

"नाही दादा! मला उपकार नको, व्यवस्था हवी. मी ठराव मांडतो : येत्या रविवारपर्यंत या इमारतीत खर्च नाही. ज्याची जी कला, ती त्याने सर्वांना द्यावी. ज्याला जे हवे, ते त्याने मागावे. आणि खर्चाचे कारण सांगून कोणीही कशालाही नकार देऊ नये. तो शब्द या जिन्यावर उच्चारायचाच नाही!"

टाळ्या पडल्या. फक्त खजिनदार खालच्या आवाजात म्हणाले, "मग नाही कसं म्हणायचं?"

"नाही म्हणायचेच कशाला!" मी गरजलो. ठराव संमत झाला.

खजिनदारांचा हा प्रश्न त्या सभेतला सर्वांत शहाणा प्रश्न होता, हे मला पुढे कळले. तेव्हा मी हसलो होतो.

सकाळी सुतारदादा दांडे आणि स्क्रू घेऊन हजर झाले. ड्रिल भिंतीला लागणार, इतक्यात मी त्यांचा हात धरला. "दादा, एकच शंका. 'त्या' शब्दाचे बंधन असते, तर तुम्ही हेच दांडे लावले असतेत का?"

"हो."

"आणि बंधन नसताना?"

दादांनी ड्रिल खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड पसरला, की मला क्षणभर भीती वाटली. "साहेब, जन्मभर लोक मला म्हणत आले, दादा, स्वस्तातलं करा. मनासारखं करा असं कोणी म्हणालंच नाही! मी सागाचा कठडा करीन. वेलबुट्टीचा. प्रत्येक वळणावर एक पक्षी!"

"उत्तम!" मी म्हणालो. दादा दांडे खांद्यावर टाकून परत गेले.

"आणि दांडे?" पत्नीने दारातून विचारले.

"त्याहून चांगले येत आहेत."

"म्हणजे लागले नाहीत."

मी दुर्लक्ष केले. थोर प्रयोगांच्या वेळी घरच्यांनी असेच बोलावे, अशी जगाची रीत आहे.

दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकू आल्या. त्या कपडे शिवतात, आणि त्यांची ट्रंक मखमलीने भरलेली आहे, कारण गिऱ्हाइके मखमल पाहतात, किंमत ऐकतात आणि सुती घेऊन जातात. "पक्षी टोचतील हो आजींना," काकू म्हणाल्या. "कठड्याला मी गादी करते. जांभळी मखमल, आत कापूस."

आता, मखमलीची गादी लावलेला जिन्याचा कठडा ही कल्पना कोणाही शुद्धीवरच्या माणसाला नाकारावीशी वाटेल. मलाही वाटली. मी तोंड उघडले. अशा वेळी एरवी मी काय म्हणतो? "अहो काकू, कशाला उगाच खर्च!" तेच वाक्य जिभेवर आले, आणि ठराव आठवला. दुसरे वाक्य शोधू लागलो. सापडेना! इतकी वर्षे मी भाषेत वावरलो, पण शेजारणीचे मन न दुखावता नकार देणारे दुसरे वाक्य माझ्याजवळ नव्हते.

"छान," मी म्हणालो.

"तुमचंही माप घेऊन ठेवते," काकू म्हणाल्या. "उरलेल्या मखमलीचा कोट होईल."

"छान," मी पुन्हा म्हणालो.

पुढचे दिवस मी सविस्तर सांगत नाही, कारण ते आठवले की मानेला घाम येतो. त्या कोटाचे अस्तरही मखमलीचे आहे.

पहिल्या मजल्यावर दंतवैद्य राहतात आणि तिथेच दवाखाना चालवतात. त्यांनी घरोघर जाऊन दात पाहायला सुरुवात केली.

"माझ्या दातांना काही झालेलं नाही," पत्नी म्हणाली.

"झालेलं नाही, हे कशावरून? एरवी लोक खर्चाला भितात, म्हणून मीही खोलात जात नाही. आता जाऊ!"

ते इतके खोलात गेले, की दोन दिवसांत इमारतीत ज्याचा त्याचा एक गाल फुगलेला दिसू लागला. जिन्यात माणसे एकमेकांना भेटत, मान तुकवत आणि मुकाट्याने जात. बोलता येत होते कोणाला!

आणि मग तेच दंतवैद्य माझ्याकडे आले. हातात कागदांचा असा गठ्ठा, की दाराच्या दोन्ही फळ्या उघडून द्याव्या लागल्या.

"माझं आत्मचरित्र," ते लाजत म्हणाले. "मागे मी तुम्हाला तपासून द्याल का विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तुमचे दर मला झेपायचे नाहीत. आता दराचा प्रश्नच मिटला!"

मी पहिले पान उघडले. 'माझा जन्म झाला तेव्हा मी फार लहान होतो.'

वाचकहो, माझे दर मुळीच मोठे नाहीत. ते या आत्मचरित्रापुरतेच मोठे होते.

तरीही मी डगमगलो नाही. तत्त्वासाठी माणसाला काहीतरी सोसावे लागते. मी रोज कोट घालून, फुगलेला गाल धरून आत्मचरित्र तपासत होतो, आणि खालून ठोकाठोकीचे आवाज येत होते.

"रेलिंग लावतायत वाटतं," आई आशेने म्हणे.

"आवाज तर मोठा आहे," मी समाधानाने म्हणे.

शुक्रवारी पत्नी दूध आणायला खाली गेली, आणि लगेच परत वर आली. "खाली जिना नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"शेवटचा टप्पा. पायऱ्याच नाहीत. खाली सुतारदादा आणि त्यांचा गवंडी मेहुणा उभे आहेत, आणि मध्ये भोक आहे. दूध मी दोरीला बांधून घेतलं. आणि दांडे?"

मी धावत गेलो. पहिल्या मजल्याखाली खरोखरच पोकळी होती. तिच्यात एक शिडी उभी केलेली होती, आणि शिडीवर अर्ध्यात एक रुग्ण एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने शिडी धरून दवाखान्याकडे चढत होता.

"दादा! हे काय?"

"मेहुण्याचं म्हणणं बरोबर आहे साहेब," दादा खालून म्हणाले. "इतका देखणा कठडा करायचा, आणि पायऱ्या ह्या उंच? आजींच्या गुडघ्यांना? तो शब्दच नाही म्हटल्यावर पायऱ्या बुटक्याच हव्यात."

"बरोबर," मी नाइलाजाने म्हणालो. ते बरोबरच होते, हीच तर अडचण!

"पण पायऱ्या बुटक्या केल्या, की जास्त लागतात," मेहुणा म्हणाला. "आणि जास्त पायऱ्यांना लांबी जास्त. म्हणजे जिना बाहेर निघतो."

"बाहेर कुठे?"

"फाटकापर्यंत. तो बाक आहे ना, तो काढावा लागेल."

मी वर पाहिले. दुसऱ्या मजल्यावर खजिनदार कठड्याला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. दोन शब्द येत होते, ओठांपर्यंत पोचत होते आणि परत गिळले जात होते. आठवडाभरात त्या माणसाचे वजन निम्मे झाले होते!

"काही म्हणायचे आहे का?" मी विचारले.

"मला? छे! तुमचा ठराव आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

शनिवारी मी सर्वांना पुन्हा पायऱ्यांवर बसवले, म्हणजे ज्या उरल्या होत्या त्यांवर. "मित्रहो, उद्या रविवार. एकही दांडा लागलेला नाही. याचे कारण काय?"

"पक्ष्यांची चोच वर हवी की खाली, हे तुम्हीच सांगितलं नाहीत," सुतारदादा म्हणाले.

"मखमल जांभळी की निळी, यावर ह्यांचं आणि माझं जमत नाही," शिवणकाकू म्हणाल्या. "हे" म्हणजे काकूंचे यजमान नव्हेत, दंतवैद्य. त्यांना हिरड्यांच्या रंगाची हवी होती.

"जांभळी!" मी ठणकावले.

"का?"

यावर मी शास्त्रोक्त विवेचन केले. त्यावर दंतवैद्यांनी प्रतिवाद केला. मी तो खोडला. वाद जिंकला तेव्हा अंधार पडला होता, आणि जिंकलेल्या वादाला धरून कोणालाही जिना उतरता येण्यासारखा नव्हता.

रविवारी सकाळी गाडी आली. खालचीचा मुलगा उतरला, सामान ठेवू लागला. खालची बाकावर बसून वर पाहत होती. आई आमच्या दारात उभी होती. ठेवणीतली साडी, हातात काठी. ती जिन्यापर्यंत आली, उजवा हात भिंतीवर फिरवला. भिंत गुळगुळीत होती.

मी तिची काठी घ्यायला हात पुढे केला. "आई, मी आणि दादा मिळून तुला अलगद..."

"तू गप्प बस," आई म्हणाली. आणि गॅलरीतल्या सरावाने तयार झालेल्या आवाजात तिने जिन्यात हाक मारली, "खजिनदार! साधे दांडे लावायला किती खर्च येईल?"

तो शब्द उच्चारला गेला होता!

दुसऱ्या मजल्यावर एक दार धाडकन उघडले. खजिनदार बाहेर आले. दाढी वाढलेली, पण डोळ्यांत तेज. "पुन्हा म्हणा आजी!"

"खर्च, खर्च! किती येईल?"

"आई," मी पुढे झालो, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व धरून मला उतरता येत नाही रे. दांडा धरून येतं."

माझ्या आयुष्यात मला निरुत्तर करणारे हे पहिले वाक्य. मी ते तपासून पाहिले. त्यात एकही चूक नव्हती.

खजिनदार तोवर जिन्याच्या मधोमध उभे राहिले होते. "साधे दांडे परवडतील," ते म्हणाले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "पक्षी परवडणार नाहीत! मखमल परवडणार नाही! बुटक्या पायऱ्या तर मुळीच परवडणार नाहीत!"

आणि काय सांगू! प्रत्येक 'परवडणार नाही' बरोबर जिन्यातून एकेक सुस्कारा ऐकू येत होता. शिवणकाकू पायरीवर मटकन बसल्या. "सुटले बाई! त्या गादीत कापूस भरून भरून माझी बोटं गेली होती. पण सांगू कुणाला?"

"मलासुद्धा पक्षी नीट जमत नव्हते," सुतारदादांनी कबूल केले. "कोंबडीसारखे दिसायला लागले होते."

"अहो, मग बोलायचे नाही का!" मी म्हणालो.

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगितलंत, नाही कसं म्हणणार?"

"दादा, लागा कामाला," आई म्हणाली. "आणि मजुरी मी देणार."

"आजी, तुमच्याकडून कशी घेऊ?"

"घ्यावीच लागेल. घेतली, की काम झालं असं म्हणता येतं. नाहीतर तुम्ही पुन्हा कोंबड्या करायला बसाल."

पुढचा तासभर आमच्या जिन्यावर जे घडले, ते त्या आख्ख्या आठवड्यात घडले नव्हते. दादा ड्रिल चालवत होते, दंतवैद्य दांडे धरत होते (हात मात्र स्थिर, हे मान्य केले पाहिजे), मेहुण्याने पोकळीवर जाड फळ्या टाकून त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. खालचीचा मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता, आणि खालची त्याला सांगत होती, "थांब रे, एक माणूस उतरतंय!"

आई उतरली. एक एक पायरी, उजव्या हाताने दांडा घट्ट धरून. प्रत्येक दारात माणसे उभी होती, कोणी हात पुढे करत नव्हते, कारण तिने तशी ताकीदच दिली होती. ती फळ्यांवरून चालत फाटकापाशी गेली आणि बाकावर बसली. दोघी इतके दिवस ओरडून बोललेल्या, त्यामुळे हळू कसे बोलावे हेच त्यांना आठवेना!

मी जवळच उभा होतो, म्हणून ऐकले.

"जायचंय का तुला?" आईने विचारले.

"अगं, कोणाला जायचंय! मी त्याला म्हटलं, कशाला गाडीचा खर्च, तिकडे वेगळ्या खोलीचा खर्च. तर म्हणाला, आई, तू खर्चाचा विचारच करू नकोस. मग पुढे काय बोलू? बोलायला काही उरलंच नाही!"

"तुला हेच सांगायचं होतं होय, ओरडून न सांगता येणारं?"

"हेच. तुझं काय होतं?"

"जाऊ नकोस, हे."

आई काठी टेकत उठली, गाडीपाशी गेली आणि खिडकीत वाकून मुलाला म्हणाली, "तिला नाही यायचं."

"का? काही अडचण आहे का काकू? मी सगळा खर्च..."

"अडचण काही नाही. तिला नाही यायचं. एवढंच."

मुलाने माझ्या आईकडे पाहिले, मग स्वतःच्या आईकडे. खालचीने मान हलवली. तो गाडीतून उतरला, माझी आई बाकावर परत बसल्यावर दोघींच्या मध्ये बसला, आणि हसत म्हणाला, "हे फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं." मग त्याने सामान उतरवायला घेतले.

माझे मूळ विधान मी मागे घेतलेले नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. ज्या समाजात खर्च आडवा येत नाही, तो समाज यावा, आणि येईल. केवळ एक टीप त्याला जोडतो : तो येण्याआधी माणसांनी सरळ 'नाही' म्हणायला शिकले पाहिजे, नाहीतर पूल बांधायला निघालेली मंडळी नदीच हलवून बसतील.

ही टीप मी सर्वप्रथम स्वतःलाच लागू करायची, असा त्या संध्याकाळी निश्चय केला. आणि संधीही लगेच आली. दारावर थाप पडली. बाहेर दंतवैद्य, हातात दुसरा गठ्ठा.

"आत्मचरित्राचा दुसरा भाग," ते म्हणाले. "ह्या वेळी फुकट नको हं! आता ठराव संपला. तुमचा दर सांगा."

मी ताठ उभा राहिलो. गाडीपाशी उभ्या असलेल्या आईचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणला. एकच शब्द, दोन अक्षरे. तोंड उघडले, जीभ टाळूला लावली, आणि... समोर तो माणूस इतक्या आशेने बघत होता हो!

मी माझ्या दराच्या तिप्पट आकडा सांगितला.

दंतवैद्यांनी बोटांवर हिशेब केला.

"परवडेल!" ते म्हणाले.

सध्या मी त्यांच्या दाढेच्या प्रकरणात आहे. कोट अजून अंगावर आहे. तो शिवणकाकूंना परत कसा करावा, हे मला अजून सुचलेले नाही.